किस्म जमीन : पडीत

मोतीमहालातल्या रेकॉर्डरूममध्ये एकतीस वर्षं
मी खसरे उतरवले.
अक्षर चांगलं म्हणून नोकरी लागली,
आणि अक्षर चांगलं म्हणूनच
कुणी पुन्हा वाचून पाहिलं नाही.

घाटीगावापलीकडचं ते पठार
एका दुपारी, डबा उघडायच्या आधी,
मी एका शब्दात उरकलं : पड़त.
घरच्या मराठीत, पडीत.
फरक एका वेलांटीचा, एका टिंबाचा.
अर्थ दोन्हीकडे तोच :
इथे काही नाही,
घ्या.

घेतलं.
आधी फरशीवाल्यांनी.
लश्करातल्या माझ्या ओट्याखालची फरशी
तिथलीच असेल, पुदिन्याच्या रंगाची.
भर उन्हाळ्यात तिच्यावर पाय गार पडतात.
मग विलायती बाभळीनं,
जिचा पट्टा मी कुठल्याच रजिस्टरात लिहिला नव्हता.

आता महिन्यातून एकदा शिवपुरीच्या बसनं जाते.
पेन्शनीत गुडघे आले, कुदळ उशिरा आली.
बैजंती सहरिया म्हणते, मुळासकट, ताई,
वरून छाटली तर ती हसते.
ती एका दिवसात अकरा बाभळी काढते.
मी दोन, आणि त्यातली एक
तिनंच आधी हलवून ठेवलेली असते.

मला वाटायचं, गवत म्हणजे गवत.
बैजंती वाकते, काडी तोडते, चावते :
हे गाय खाते, हे शेळी,
हे कुणीच नाही, पण माती याला धरून बसते.
जुन्या खाणीच्या कडेनं
आम्ही दगडांच्या ओळी मांडल्यात,
उताराला आडव्या, गुडघ्याएवढ्या.
पाण्यानं चालत यावं,
धावत नको.

करधई सात महिने सरपणासारखी उभी असते.
हवा जरा दमट झाली
की ढग नाही, थेंब नाही, तरी पालवते.
उधारीवर हिरवी होते मेली, बैजंती म्हणते.
एवढी पत मला कुठल्या बँकेत नाही.

हरविलास गुर्जरनं आमची तार दोनदा तोडली.
चरनोई आमची, शेळ्या आमच्या,
कुंपण कुणाचं?
खरं होतं त्याचं. तिसऱ्या वेळी तार लावलीच नाही.
त्याच्या खाटेवर बसून ठरलं :
दोन पावसाळे टेकडीची ही बाजू मोकळी, मग ती.
उठताना तो म्हणाला,
तुम्ही दफ्तरात होतात ना,
आमची चरनोई पडीत कुणी केली
तेवढं शोधून द्या.

शोधायचं काय त्यात.
अक्षर मी लांबूनही ओळखलं असतं,
रफार थोडा उजवीकडे झुकलेला.
मी सांगितलं.

तो बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला.
मग विचारलं,
तेव्हा इथे आला होतात कधी?
नाही.
त्यानं बाटली पुढे केली.
पाणी कोमट होतं, शेळीच्या वासाचं.
मी सगळं प्याले.

रस्त्याकडेच्या पाटीवर सोनचिरैया आहे,
आमच्या भाषेतला माळढोक.
पाटीवरच आहे.
चौकीदाराच्या वहीत दर पानावर एकच ओळ :
नहीं दिखी.
त्याचंही अक्षर चांगलं आहे.
मी त्याला म्हटलं, निदान गवत किती वाढलं
ते तरी लिही खाली.
म्हणाला, तसा रकानाच नाही, मॅडम.
मी पट्टी मागून घेतली
आणि एक आखून दिला.

परतीच्या बसमध्ये
साडीच्या काठात कुसळं घुसलेली असतात,
पोटरीला टोचतात.
शेजारची बाई म्हणाली, खिडकीतून टाका की.
मी एकेक उपसून
तिकिटाच्या घडीत ठेवते.
घरी त्यांना जागा नाही,
गॅलरीत एक तुळस, तीही कुंडीत.
पुढच्या महिन्यात
परत न्यायची आहेत.